यंत्राची झीज आणि चालकाचा हात



२५ जुलै २०२२ रोजी, दुपारच्या आत, आपल्याच इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटे विमान कोसळले. बारामतीहून उडालेले ते सेस्ना १५२ जातीचे शिक्षणाचे विमान होते आणि त्यात एक शिकाऊ मुलगी एकटीच होती. आसपासचे शेतकरी मदतीला धावले. किरकोळ दुखापतीवर निभावले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये, १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांच्या आत, बारामतीच्या परिसरात आणखी दोन शिकाऊ विमाने खाली आली. त्याही वेळी कोणी दगावले नाही, परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे शिक्षण काही काळ थांबवले.

अशी बातमी आली की निरवांगीपासून बारामतीपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर न्यायालय भरते. निकाल दोनच. एक, “शिकाऊ होती हो, हात बसलेला नसणार.” दुसरा, “विमानेच जुनी, भंगार.” निकाल देणाऱ्यांपैकी कोणी विमानाचे इंजिन पाहिलेले नसते. मीही या अपघातांचा निकाल देण्यासाठी उभा नाही. ते काम चौकशी करणाऱ्यांचे. मला बोलावयाचे आहे ते या दोन निकालांच्या मधल्या जागेबद्दल. हात आणि यंत्र यांचा एकमेकांशी काय व्यवहार चालतो, हाताळणीने यंत्र कसे झिजते, ती झीज शेवटी कोणाच्या पदरात पडते, आणि जमिनीवर बसून विमान शिकवणारे जे सिम्युलेटर नावाचे यंत्र आहे ते या व्यवहारातले किती खरे सांगते, एवढाच आजचा विषय.

कामगार संघटनेच्या माणसाने विमानाकडे का वळावे, असे काहींच्या मनात आले असेल. एक तर आपल्या भागाला विमान अगदीच परके नाही. शेजारचे वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंदांनीच १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, आणि तिथे जोडून तयार झालेले पहिले विमान, १९४१ सालचे हार्लो, हे शिकाऊ वैमानिकांसाठीचेच होते. दुसरे कारण माझ्या धंद्यातले आहे. माझी शाळा दहावीला संपली. वर्कशॉपात पाने-पक्कड उचलत जे शिकलो ते शिकलो. पुढची तीस वर्षे चालक, फिटर, ऑइलमन यांच्या चौकश्या लढवण्यात गेली. त्या चौकश्यांत एक गोष्ट माझ्या कानाला खटकत आली. आपण बोलताना म्हणतो, मोटर जळाली, इंजिन बसले, टायर फुटला, पाटा तुटला. जणू मोटरीनेच आपण होऊन जळायचे ठरवले. पण तीच गोष्ट आरोपपत्रात शिरली की वाक्य फिरते: “आपण निष्काळजीपणाने इंजिन निकामी केले.” यंत्राचा बिघाड बोलण्यात दैवाचा असतो आणि कागदावर शेवटच्या माणसाचा. खरा प्रकार या दोहोंपेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि तो विमानात जितका स्वच्छ दिसतो तितका ट्रॅक्टरमध्येही दिसत नाही. म्हणून विमान.

प्रथम विमान हाताळल्याने झिजते कसे ते पाहू. सेस्ना १५२ हे दोन आसनांचे, एका इंजिनाचे विमान. त्याचे इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे. म्हणजे आपल्या उसाच्या ट्रॅक्टरपेक्षा जास्तच. फरक असा की ट्रॅक्टरला रेडिएटर असतो. या इंजिनाला नसतो. बुलेट मोटारसायकलसारखे ते वाऱ्याने थंड होते. विमान जितके वेगात तितका वारा जास्त. म्हणून नाक वर करून, हळूहळू, पूर्ण जोर लावून बराच वेळ चढत राहिले की सर्वांत जास्त उष्णता आणि सर्वांत कमी वारा अशी स्थिती येते. जाणता वैमानिक मधूनच नाक थोडे खाली घेतो, वेग वाढू देतो, इंजिनाला वारा पाजतो. अजाण वैमानिक चढतच राहतो. त्या दिवशी काहीच होत नाही. सिलिंडरचे डोके थोडे अधिक तापते, झडपेची बैठक थोडी अधिक खाते, आणि विमान सुखरूप घरी येते.

“त्या दिवशी काहीच होत नाही” हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

चढून झाल्यावर उतरणे आले. उंचावरून एकदम थ्रॉटल मागे ओढून नाक खाली केले की तापलेल्या सिलिंडरवर गार वाऱ्याचा झोत बसतो. तव्यावर पाणी मारल्यासारखेच. हे इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी सांगते की सिलिंडरचे तापमान मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे २८ अंश सेल्सिअसपेक्षा, जलद उतरू देऊ नये. एवढ्या थंडाव्याने खरोखर तडे जातात की नाही, याबद्दल विमानाच्या कारागिरांत दोन तट आहेत. ते भांडण मी सोडवणार नाही, परंतु हळूहळू जोर कमी करण्यात कोणाचेच काही जात नाही, एवढे दोन्ही तट मानतात.

इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण वैमानिक स्वतः एका दांडीने ठरवतो. उंचावर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी करावे लागते. फार कमी केले आणि जोर मोठा ठेवला तर मिश्रण पेटण्याऐवजी सिलिंडरमध्ये फटाक्यासारखे उडते. पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला असे काही वेळ पुरते. उलट जमिनीवर रांगेत उभे असताना मिश्रण गडद ठेवून इंजिन मंद चालवत बसले तर विमानाच्या पेट्रोलातले शिसे स्पार्क प्लगवर खड्यांसारखे साचते. प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन आणि त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन असतात, ते एवढ्यासाठीच की एक दगा देईल तेव्हा दुसरा सांभाळील. पण सकाळच्या शिकाऊ वैमानिकाने साचवलेले शिसे दुपारच्या शिकाऊ वैमानिकाला, मॅग्नेटो तपासताना इंजिन अडखळते तेव्हा, कळते.

हवेतल्या बर्फाची गोष्ट ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा ओढली जाताना आतले तापमान इतके उतरते की बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही दमट हवेत आत बर्फ धरतो. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, पण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतो. म्हणून गरम हवा सोडण्याचा एक खटका दिलेला असतो. जोर कमी करण्यापूर्वी तो ओढावयाचा. ही झीज नाही, हे खरे. पण हाताची सवय आणि यंत्राचा बिघाड यांत किती थोडे अंतर असते ते यावरून समजते.

उरले जमिनीवरचे. खडीवर उभे राहून इंजिनाचा जोर वाढवला तर पंखा खडे ओढून घेतो. त्याच्या पुढच्या धारेवर नखाएवढी खाच पडते. दर मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा फिरणाऱ्या पात्यावर ती खाच म्हणजे उद्याच्या भेगेचे तोंड, म्हणून मेकॅनिक ती कानशीने घासून गुळगुळीत करून टाकतो. न केल्यास पाते एक दिवस तुटू शकते. ब्रेकवर पाय ठेवून विमान रांगवणे म्हणजे हाफ क्लचवर ट्रॉली ओढण्यासारखेच. उतरताना वेग जास्त असेल तर विमान टेकून पुन्हा उसळते, घाबरलेला हात दांडी पुढे ढकलतो, आणि नाजूक असे पुढचे चाक सगळा भार घेते. अशा ठोक्यांनी इंजिन आणि खुर्ची यांच्यामधला जो पत्रा असतो त्याला सुरकुत्या पडतात. त्या आतून असतात. उड्डाणापूर्वी विमानाभोवती एक फेरी मारून शिकाऊ वैमानिक जी तपासणी करतो तीत त्या सहसा दिसत नाहीत.

आता, उत्तम हाताळले तर विमान झिजतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९५४ सालच्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने आकाशात फुटली. वैमानिकांचा काही दोष नव्हता. मग फार्नबरो येथील संशोधकांनी अक्खे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवले आणि त्यात पाणी दाबून भरायचे, सोडायचे, पुन्हा भरायचे, असे उड्डाणामागून उड्डाण खोटेखोटे घडवले. ते विमान आधी १,२२१ खरी उड्डाणे करून आलेले होते. टाकीत आणखी १,८३६ झाल्यावर त्याचा पत्रा फाटला. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, शंभरदा वाकवली तर तुटते, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला कुंपण बांधताना ठाऊक असते. ते विमानाच्या पत्र्यालाही लागू आहे हे जगाला तेव्हा पटले. माझ्या मते यंत्राची झीज मुद्दाम अनुकरणाने घडवून मोजण्याचा इतका मोठा आणि इतका प्रामाणिक प्रयोग क्वचितच झाला असेल. दोष कोणाच्या हाताचा, असे न विचारता त्यांनी पत्र्यालाच विचारले.

आता सिम्युलेटर. याचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या कारखान्यात काम करीत असे. कारखाना विमानांचा नव्हता, वाद्यांचा होता. तिथे हवेवर चालणारे ऑर्गन आणि पियानो बनत. उडायला शिकायचे पैसे परवडेनात म्हणून त्याने १९२९ च्या सुमारास लाकडी पेटीसारखे एक विमान बनवले आणि ते ऑर्गनच्या भात्यांवर बसवले. दांडी डावीकडे केली की एका बाजूचा भाता फुगे, दुसरा बसे, आणि विमान कले. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीचा भाता आणि वैमानिकांची ही पहिली शाळा एकाच कुळातली आहेत. १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत सैन्याचे अनेक वैमानिक मेले, तेव्हा अमेरिकन सैन्याने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या हजारोंनी बनल्या.

आज मोठ्या विमान कंपन्यांकडे जे सिम्युलेटर असतात ते सहा लोखंडी पायांवर डुलणारे, अख्ख्या कॉकपिटची हुबेहूब नक्कल असलेले, कोट्यवधी रुपयांचे असतात. मागच्या खुर्चीवर शिक्षक बसतो. त्याच्यापुढे एक पडदा असतो आणि त्यावर बिघाडांची यादी: डावे इंजिन बंद, आग, चाक अडकले, तेलाचा दाब गेला. शिक्षक बोट लावतो, बिघाड होतो. शिकणारा तो हाताळतो. तास संपला की शिक्षक पुन्हा बोट लावतो आणि विमान नवे कोरे होते. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याने असंख्य प्राण वाचले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण या शाळेत बिघाड नेहमी मागच्या खुर्चीतून येतो. वैमानिकाच्या हातातून तो कधी येत नाही, आणि मागच्या तासाची झीज पुढच्या तासाला मिळत नाही.

घरच्या संगणकावरचे सिम्युलेटर या बाबतीत दोन जातींचे दिसतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने ते मला दाखवले. तो अभियांत्रिकीला आहे आणि रात्री जेवण झाल्यावर विमान उडवतो. काही सिम्युलेटरमध्ये, उदाहरणार्थ एक्स-प्लेनमध्ये, बिघाड सरासरी किती तासांनी व्हावा याचा आकडा भरून ठेवता येतो. मग संगणक आपल्या मनाने केव्हा तरी काही तरी बिघडवतो. मी याला दैववादी पद्धत म्हणतो. मटक्याचा आकडा फुटावा तसा बिघाड फुटतो. तुम्ही विमान मायेने चालवा की बडवून काढा, आकडा तोच. दुसऱ्या जातीचे सिम्युलेटर कर्मवादी. एटूए नावाची मंडळी बनवतात ती विमाने या जातीची आहेत. त्यांत संगणक वही ठेवतो. इंजिन थंड असताना जोर दिला, लिहिले. सिलिंडर मर्यादेपलीकडे तापला, किती आणि किती क्षण, लिहिले. ठरल्यापेक्षा अधिक वेगात फ्लॅप सोडले, लिहिले. संगणक बंद केला तरी वही मिटत नाही. उद्या तेच विमान तीच झीज घेऊन समोर येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या नव्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही नोकरी-धंद्याचा जो खेळ आहे, त्यात विमानाची झीज आणि दुरुस्तीचा खर्च खेळणाऱ्याच्याच खात्यावर पडतो.

त्या मुलाच्या विमानाचे एक सिलिंडर दाब धरीत नव्हते. मी विचारले, कशाने? तो म्हणाला, “काका, मागच्या आठवड्यात घाईने चढवलं होतं.” एक आठवड्यापूर्वीची गोष्ट त्याच्या लक्षात होती! पंधरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला मागच्या आठवड्यातला एक चढ सांगता येत नाही. मला हे फार आवडले. दैववादी सिम्युलेटरने त्याला एवढेच शिकवले असते की बिघाड होतात. या वहीने त्याला चढताना तापमापकाकडे पाहायला शिकवले.

तरीही या वहीत खोट आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. एक तर आकडे. सिलिंडर अमुक तापल्यावर अमुक क्षणात किती झिजतो, हे कोणाही इंजिनियरला इतक्या नेमकेपणाने ठाऊक नसते. बनवणारा अंदाज बांधतो, आणि खेळणाऱ्याला परिणाम दिसावा म्हणून तो अंदाज थोडा फुगवतो. महिन्यांनी दिसायची ती झीज दिवसांत दाखवतो. तेवढे चालेल, नाटकातही बारा वर्षांचा वनवास तीन तासांत उरकतात. मोठी खोट निराळी आहे. त्या मुलाच्या विमानाला हात एकच, त्याचा. झीजही त्याची, बिघाडही त्याच्या वाट्याचा. करावे तसे भरावे. खऱ्या शिकाऊ विमानाचे असे नसते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. ते विद्यार्थी एका विमानावर करीत नाहीत आणि एक विमान एका विद्यार्थ्याला मिळत नाही. सकाळी एक, त्यानंतर दुसरा, दुपारी तिसरी. इंजिन धड थंडही होत नाही. पहिल्याने पुढच्या चाकावर आपटवले, दुसऱ्याने प्लगवर शिसे साचवले, तिसरीने अजाणता इंजिन तापवले, आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्या दिवशी काहीच झाले नाही. होते ते तेराव्याच्या हातात. आपल्याकडे संचित म्हणून एक शब्द आहे. शास्त्रात संचित ज्याचे त्याचे असते. विमानाच्या बाबतीत मात्र संचित बारा जणांचे आणि भोग तेराव्याचा. त्यातच मेकॅनिकचा वाटा येतो, कारण खाच कानशीने घासायला त्याला वेळ दिला होता की नव्हता? आणि मालकाचा वाटा येतो, कारण विमान हवेत असेल तेवढेच कमावते, तपासणीला उभे असेल तर खाते.

कडबनवाडीच्या त्या मुलीबद्दल “हात बसलेला नसणार” म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी विचारतो, कोणाचा हात?

हे मला वाचून सुचले नाही. काही वर्षांपूर्वी एका वाहतूक संस्थेतल्या चालकाची चौकशी माझ्याकडे आली. घाटात इंजिन बसले होते, आरोप निष्काळजीपणाचा. मी त्या गाडीच्या मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी मागितल्या. नऊ चालकांनी ती चालवली होती; त्यांतल्या तिघांनी “गाडी पाणी पिते” असे स्वच्छ लिहून दिले होते. प्रत्येक वेळी रेडिएटरमध्ये पाणी ओतून गाडी पुन्हा मार्गावर सोडली होती. दहावा माझा चालक. चौकशीत त्याचा दोष निम्मा धरला गेला. उरलेला निम्मा कोणाच्याही नावावर चढला नाही.

सिम्युलेटर चुकीचे शिकवू शकतो, आणि त्याचा दोषही शेवटच्या हातावर येऊ शकतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतले आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे उड्डाण, एअरबस ए-३०० जातीचे विमान, न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघाले. पुढे गेलेल्या जंबो विमानाच्या मागे हवेचे भोवरे राहिले होते. नदीत मोठी होडी गेल्यावर लहान होडी डचमळते तसे ते विमान डचमळले. सहवैमानिकाने ते सावरण्यासाठी शेपटीचे सुकाणू पायाने पूर्ण एका बाजूला, पूर्ण दुसऱ्या बाजूला, असे काही सेकंदांत अनेकदा दाबले. शेपटीचा उभा पंख मुळापासून तुटून पडला. विमानातले सर्व २६० आणि जमिनीवरचे ५ जण मेले.

वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ साली निकाल दिला: कारण, सहवैमानिकाने सुकाणूचा केलेला अनावश्यक आणि अतिरेकी वापर. इथवर आले की आपली टपरी उठून घरी जाते. पण मंडळ तिथे थांबले नाही. त्याने दोन सहायक कारणे नोंदवली. एक, त्या विमानाच्या सुकाणूची रचनाच अशी होती की पायाच्या थोड्या जोराने मोठी हालचाल होई. दुसरे, कंपनीचे स्वतःचे प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणात सिम्युलेटरवर एक धडा असे. विमान भोवऱ्यात सापडून एकदम कलते असे दाखवायचे. आणि एका मर्यादेपलीकडे कलेपर्यंत वैमानिकाच्या सुकाणूला सिम्युलेटर दादच देत नसे. साहजिकच शिकणाऱ्याच्या मनावर ठसे की भोवरा राक्षसी असतो आणि सुकाणू हवे तेवढे दाबले तरी चालते. सिम्युलेटरची शेपटी काही तुटत नाही. ठरावीक वेगाच्या खाली सुकाणू कितीही फिरवले तरी विमानाला धोका नाही, असा पुष्कळ वैमानिकांचा तेव्हा समज होता. एका बाजूला एकदा पूर्ण दाबणे वेगळे आणि उलटसुलट दाबत राहणे वेगळे, हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. विमान कंपनीने कारखान्याच्या रचनेकडे बोट दाखवले, कारखान्याने कंपनीच्या प्रशिक्षणाकडे. ज्याला शिकवले तसे त्याने केले, तो बोट दाखवायला उरला नव्हता.

आता नोंदीविषयी थोडे, कारण माझ्या दृष्टीने सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. मोठ्या विमानांत प्रत्येक उड्डाणाची नोंद आपोआप होते. विमान किती जोरात टेकले, फ्लॅप किती वेगात सोडले, इंजिन किती तापले, हे सारे नंतर काढून वाचता येते. ही नोंद कशासाठी वाचावयाची? शिकण्यासाठी की शिक्षेसाठी? अमेरिकेत २००१ साली सरकारने नियम केला की मान्यताप्राप्त कार्यक्रमाखाली कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या अशा माहितीवरून, हेतुपुरस्सर गुन्हा नसेल तर, सरकार दंडाची कारवाई करणार नाही. वैमानिकांच्या संघटनाही कंपन्यांशी करार करताना नोंदीतले नाव झाकून ठेवण्याचा आग्रह धरतात. काही लोकांना हे गुन्हेगाराला पाठीशी घालणे वाटते. त्यांनी कधी कामगारांची वही पाहिलेली नसते. “आज विमान आपटले” असे लिहिणाऱ्याचे उड्डाण जर थांबणार असेल तर उद्यापासून कोणी लिहिणार नाही; विमान आपटत राहील, वही कोरी राहील, आणि पत्र्याची सुरकुती तेराव्या माणसाची वाट पाहत बसेल. छोट्या शिकाऊ विमानांत तर आपोआप नोंद बहुधा नसते, किंवा फार तुटपुंजी असते. तिथे वही म्हणजे माणसाचा हात, आणि त्या हाताला भीती.

म्हणून माझी एक सूचना आहे. तिला कोट्यवधी रुपयांचा सिम्युलेटर लागत नाही. त्या मुलाच्या टेबलावर आहे तेवढा संगणक आणि झीज लक्षात ठेवणारे विमान पुरे. उड्डाण शिकणाऱ्या दहा-बारा जणांच्या तुकडीला असे एकच विमान द्यावे. पहिल्याने उडवून झाले की ते नवे कोरे न करता, आहे त्या झिजेसह, दुसऱ्याच्या हाती द्यावे. दुसऱ्याने तिसऱ्याला. अधूनमधून एकाला वैमानिक न करता मेकॅनिक करावे, त्याला तपासणीला अपुरा वेळ द्यावा, आणि एकाला मालक करून विमान हवेत ठेवण्याचा हट्ट धरायला लावावे. मग नवव्या की दहाव्या उड्डाणाला इंजिन बंद पडेल. ज्याच्या हातात पडेल त्याने शेत शोधून उतरावे, तो धडा वेगळा. त्यानंतर सर्वांनी वही घेऊन बसावे आणि शोधावे, हे कुठून आले.

कोणी म्हणेल, मुले भांडतील. भांडू द्यावीत. चौकशीत माणसे जी भांडतात ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच तिथे भांडावे लागते म्हणून नीट भांडता येत नाहीत. आणि भांडणात वही उघडली की कोणता रकाना कोरा राहिला आहे, तेही दिसेल.

वहीचे रकाने चार पुरेत. उड्डाणापूर्वी काय आढळले. उड्डाणात कोणती मर्यादा ओलांडली, किती वेळ. उतरताना ठोका कसा बसला. आणि चौथा रकाना मेकॅनिकने भरायचा: वर लिहिलेले वाचून काय केले, आणि काय करायला वेळ मिळाला नाही.